टर्बो बसवला, आता धूर कोठून फुटतो?

दसरा उलटला की उसाच्या पट्ट्यात घरोघरी एकच लगबग सुरू होते. कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला असतो, तोडणीच्या टोळीला उचल दिलेली असते आणि पावसाळाभर दारात उभा असलेला ट्रक गॅरेजात गेलेला असतो. टर्बो उतरण्याचे दिवसही हेच. कुणाचा टर्बो ऑइल पीत असतो, कुणाचा घरघरत असतो. तो दुरुस्त होऊन येतो, मिस्त्री बसवून देतो, पैसे चुकते होतात. आणि पहिल्याच भरल्या खेपेला गाडी सांगते की काम पुरे झालेले नाही. इंजिनातून फट्-फट् आवाज येतो, चढावर ओढ लागत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि केबिनमध्ये डोळे चुरचुरतात. मालक म्हणतो, ‘टर्बोच खराब दिला.’ टर्बोवाला म्हणतो, ‘पंप बघा.’ पंपवाला म्हणतो, ‘नोझल बघा.’ पाहता पाहता आठवडा जातो आणि पैसाही जातो.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा प्रकार आहे. टर्बो काढून पुन्हा बसवल्यावर असा त्रास लागला, तर आधी पंप नाही, नोझल नाही, टर्बोही नाही. ज्या सांध्यांना परवा हात लागला ते सांधे तपासावेत. पुष्कळदा दोष तेथेच निघतो आणि तो थोडक्या पैशांत सुटतो. मात्र पान्याला आणखी दोन वेढे देऊन तो सुटत नाही. या लेखातली मुख्य गोष्ट एवढीच आहे. गळणारा सांधा जोराने बंद होत नाही, तो सरळ बसवल्याने बंद होतो.

धुराच्या जोरावर चालणारा भाता

लोहाराच्या भट्टीत कोळसा तोच, पण भाता ओढला की आच वाढते. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. फरक इतकाच की हा भाता ओढायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो, तेथून टर्बोत शिरतो आणि एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. वाया जाणाऱ्या धुराकडूनच इंजिन आपला भाता ओढून घेते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या डिझेल ट्रकमध्ये टर्बो असतो.

या पंख्याचा वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्या घरात जातो. भरल्या गाडीने चढ घेताना आत येणारा धूर सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. इतक्या उष्णतेत आणि दाबात मॅनिफोल्ड आणि टर्बो यांचा सांधा टिकवायचा असतो. तेथे केसाएवढी फट राहिली तरी धूर तेथूनच निसटतो. पंख्याला कमी धूर, म्हणून इंजिनाला कमी हवा. कमी हवा, म्हणून डिझेल अर्धवट जळते, धूर काळा होतो, इंजिन जास्त तापते आणि ओढ मात्र कमी.

घरातल्या मायबहिणींना हे समजावून सांगायला नको. कुकरचे रबर सैल झाले की वाफ कडेने फुसफुसते, शिट्टी होत नाही, गॅस जळत राहतो आणि डाळ कच्ची ती कच्चीच. तेव्हा झाकणावर वरवंटा ठेवून भागत नाही. रबर बदलावे लागते किंवा झाकण नीट बसवावे लागते. ट्रकचेही तसेच आहे.

‘हंगाम संपल्यावर बघू’ का म्हणू नये

फट्-फट् आवाज आला तरी गाडी चालते. म्हणून पुष्कळ जण ते काम मार्च-एप्रिलपर्यंत पुढे ढकलतात. याची किंमत डिझेलात मोजली जाते, हे एक झाले. त्याहून मोठ्या गोष्टी दोन आहेत.

पहिली गोष्ट माणसांची. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या खालीच असते. गिअरच्या दांड्याचे रबर फाटलेले असते, इंजिनाच्या झाकणाची पट्टी गेलेली असते. सायलेन्सरच्या टोकातून मागे निघून जायचा धूर त्या वाटेने आत येतो. त्यात काजळी असते तसा कार्बन मोनॉक्साइडही असतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नाही. डोके दुखते, मळमळते, झापड येते. ड्रायव्हरला वाटते रात्रीच्या जागरणाने असे होते आहे. कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांगेत थंडीच्या रात्री काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपणारे ड्रायव्हर-क्लीनर आपण पाहतोच. टोळी पोचवताना केबिनमध्ये लेकुरवाळी बाईही बसलेली असते. डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांपैकी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली स्पष्ट केले आहे. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर काचा उघड्या ठेवाव्यात, उभ्या गाडीत इंजिन बंद करावे आणि ती गाडी झोपायला वापरू नये. कुणाला गुंगी आली तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे.

दुसरी गोष्ट आगीची. फटीतून निघणारा धूर एकाच जागी सुईसारखा लागत राहतो. त्याच्या वाटेत विजेची वायर, डिझेलची नळी, ब्रेकच्या हवेची नळी, क्लचची नळी यांपैकी काय येईल सांगता येत नाही. उसाच्या गाडीच्या इंजिनाभोवती पाचट अडकलेले असते, कडब्याच्या गाडीवर कडबा असतो. ठिणगीचीही गरज नसते. म्हणून गळती हा केवळ आवाजाचा त्रास समजू नये.

आधी ओळखावी, मग पाना हाती घ्यावा

टर्बोच्या आसपास चार निरनिराळ्या गळत्या लागू शकतात, आणि एकीचे औषध दुसरीला चालत नाही. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असे होऊ नये म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात.

सांध्यापाशी कोरडी काळी काजळी पिचकारीसारखी उमटली असेल, तर ती धुराची गळती. गार इंजिनावर फट्-फट् आवाज येतो आणि ॲक्सिलेटर दाबला की तो भरभर वाढतो. ही गळती टर्बोच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डच्या बाजूला असेल तर ओढही कमी होते.

काजळी टर्बोच्या पुढच्या पाइपाच्या सांध्यावर असेल, तर टर्बोचे काम धुराने करून झालेले असते. ओढ फारशी कमी होत नाही, पण केबिनमध्ये धूर येतो आणि आवाज मोठा होतो.

काजळी नाही, पण भरली गाडी चढाला लागली की लांब शिट्टी ऐकू येते किंवा फुस्स आवाज होतो, तर ती हवेची गळती. टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तेथून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी फाटली आहे किंवा तिचा क्लॅम्प सुटला आहे. तेथे धुराचे गॅस्केट बदलून काही होणार नाही.

काळे पण ओले, बोटाला चिकटणारे असेल, तर ते ऑइल. ऑइलच्या येत्या किंवा जात्या पाइपाचा सांधा पाहावा.

नेमकी जागा शोधण्यासाठी सकाळची वेळ उत्तम. इंजिन रात्रभर गार झालेले असते आणि सुरू केल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटे सांधे ओळखू देतात. गाडी सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावून, उघड्यावर उभी करावी. बंद शेडमध्ये नव्हे. डोक्याचा रुमाल, उपरण्याचे टोक, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. एकाने इंजिन सुरू करावे, दुसऱ्याने पाहावे. हातभर लांब रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्याभोवती फिरवले, तर डॉक्टरच्या नळीप्रमाणे आवाज नेमका त्या जागी मोठा होतो. उदबत्तीचा धूर सांध्याजवळ नेला की फट असेल तेथे तो झटक्याने उडतो. पण डिझेल किंवा ऑइल गळत असेल, पाचट अडकलेले असेल, तर उदबत्ती पेटवूच नये. गळती शोधायला सांध्यावर हात मात्र कधीही ठेवू नये. फटीतून येणारा धूर दिसत नाही, तो भाजल्यावरच कळतो.

अजून खात्री हवी असेल तर इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या टोकाला धूळ उडवायचा विजेचा ब्लोअर लावावा, फडक्याने कडा बंद कराव्यात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो तीच ही युक्ती. बुडबुडे येतील तेथे फट. कॉम्प्रेसरची मोठ्या दाबाची हवा मात्र सोडू नये.

एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. काही मोठ्या इंजिनांचे मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांचे असते आणि ते तुकडे एकमेकांत सरकते बसवलेले असतात. अशा सांध्यातून गार असताना थोडे फुसफुसते आणि धातू तापून फुगला की बंद होते. ती गळती नवी नाही ना, वाढत तर नाही ना, एवढे पाहावे. पण एकसंध मॅनिफोल्डमध्ये गार असताना आवाज आणि गरम झाल्यावर शांतता, असे असेल तर बारीक तडा किंवा वाकलेली कड असण्याचा संशय घ्यावा.

बसवल्यावरच गळती का लागते?

मालकाचा नेहमीचा प्रश्न असा की, काढण्याआधी गळत नव्हते, मग आताच का? उत्तर सोपे आहे. जुना सांधा वर्षानुवर्षे तापून-निवून एकजीव झालेला असतो. दोन्ही तोंडांच्या खाचाखोचा गॅस्केटने भरून घेतलेल्या असतात. तो एकदा उघडला की पुन्हा तसाच जुळत नाही. त्यातून पुढील गोष्टी घडतात.

जुनेच गॅस्केट परत लावले जाते. ते एकदा दाबले गेले की त्याची लवचीकता संपलेली असते. दिसायला चांगले दिसते म्हणून फसू नये.

मॅनिफोल्डचे तोंड वाकलेले असते. बिडाचा तो भाग वर्षानुवर्षे तापून थोडा पीळ घेतो. नट बांधलेले असेपर्यंत ताणून धरलेला असतो. नट सोडले की आपल्या मूळ वाकड्या आकारात येतो.

स्टड ताणलेले, गंजलेले किंवा तुटलेले असतात. चारांपैकी एक तुटला तर ‘तिघांवर भागते’ असे म्हणून गाडी दिली जाते. खाटेचा एक पाय काढला तर ती उभी राहील, पण तीवर कुणी झोपू नये.

एकच नट आधी पूर्ण आवळला जातो. मग एक बाजू दबते आणि समोरची बाजू उचलली जाते. नंतर ती कितीही आवळली तरी फट आतून राहतेच.

आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे ओढाताण. पुढचा पाइप किंवा टर्बोचा आधार आधी घट्ट बांधला आणि टर्बो नंतर ओढून जागेवर आणला, तर तो सांधा कायमचा तणावात राहतो. गार असताना गळत नाही, दोन खेपांनंतर गळू लागतो आणि पुढे स्टडच तुटतो.

काम करण्याचा क्रम

हे काम गार इंजिनावरच करावे. बॅटरीची वायर सोडून ठेवावी. टर्बो उतरवल्याबरोबर मॅनिफोल्डचे तोंड, टर्बोचे तोंड, हवेचा पाइप, ऑइलची भोके स्वच्छ फडक्याने बंद करावीत आणि किती फडकी घातली ती मोजून ठेवावीत. विसरलेले फडके किंवा खरवडलेल्या गॅस्केटचा तुकडा लाख फेऱ्यांच्या पंख्यावर गेला तर नव्या टर्बोचे क्षणात भंगार होते.

दोन्ही तोंडे जुन्या गॅस्केटचा कणही न ठेवता साफ करावीत. मग लोखंडी सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फिलर गेजची पाती सरकवून पाहावी. किती फट चालते ते त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. ते माप मिलिमीटरच्या दशांशांत असते, डोळ्याला दिसणारे नसते. पाती जास्त शिरत असेल तर मॅनिफोल्ड तालुक्याच्या मशीन शॉपमध्ये नेऊन तोंड सपाट करून घ्यावे. कानशीने घासून सपाट होत नाही, कडा गोल होतात. त्याच वेळी मॅनिफोल्ड उजेडात धरून तडे तपासावेत, विशेषतः दोन फाट्यांच्या मधली जागा आणि स्टडच्या भोकांभोवती.

तुटलेला स्टड काढताना घाई नको. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच टाकून ठेवावे. जाणता वेल्डर तुटक्या टोकावर नट वेल्ड करून तो गरम असताना हळूहळू फिरवून काढतो. ड्रिलने काढायचा असेल तर भोक नेमके मधोमध पडले पाहिजे. ते मशीन शॉपचे काम आहे. नवा स्टड आणि नट मूळ प्रतीचेच घ्यावेत. बाजारातला साधा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण या उष्णतेत तो लांबतो आणि सांधा ढिला पडतो. आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस पुस्तकात सांगितले असेल तरच, अगदी थोडे लावावे.

नवे गॅस्केट आधी कोरडेच ठेवून पाहावे. भोके जुळतात का, धुराच्या वाटेत कड येते का, वरची-खालची बाजू सांगितली आहे का, हे तपासावे. मग टर्बो स्टडवर सरळ बसवावा. तो हाताने सहज सपाट बसला पाहिजे. पान्याने ओढून बसवावा लागत असेल तर थांबून कारण शोधावे. सर्व नट बोटांनी चालवून घ्यावेत. पुढचा पाइप, ऑइलचे पाइप, आधाराचा कंस, सर्व काही आधी सैलच जोडावे.

आता आवळण्याचा क्रम. प्रथम मॅनिफोल्ड आणि टर्बो यांचे नट, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. जीपचे चाक आपण असेच समोरासमोर आवळतो. त्यानंतर पुढच्या पाइपाचा सांधा. आणि सर्वांत शेवटी आधाराचे कंस. कंसाची भोके जुळत नसतील तर कंस सरकवावा, टर्बो नव्हे. टर्बो पाइपाला आणि कंसाला मान तुकवून उभा राहता कामा नये.

पुढचा पाइप पट्ट्याच्या व्ही क्लॅम्पने जोडलेला असेल, तर खाच साफ करावी, दोन्ही कडा सगळीकडून क्लॅम्पच्या पोटात बसल्या आहेत का ते आरशाने पाहावे. थोडे आवळावे, रबरी किंवा लाकडी हातोडीने भोवताली हलके ठोकावे, पुन्हा आवळावे. क्लॅम्पची दोन्ही टोके एकमेकांना भिडली आणि तरी पाइप हलतो, तर तो क्लॅम्प ताणला गेला आहे, नवा घ्यावा. पाइपात लवचीक बेलो असेल तर तो पिळलेला किंवा फाटलेला नाही ना, हेही पाहावे. टर्बोवरचे पत्र्याचे कवच ‘नसले तरी चालते’ म्हणून कोपऱ्यात टाकू नये. वायरी आणि नळ्या वाचवणे हेच त्याचे काम आहे.

लेप आणि वेल्डिंग

गॅस्केटऐवजी किंवा गॅस्केटच्या जोडीला नळीतला लेप फासण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आहे. धुराच्या या बाजूला ती घातक आहे. साधा सिलिकॉनचा लेप एवढ्या उष्णतेत जळून जातो, आणि आतल्या बाजूला सुटलेला त्याचा तुकडा सरळ पंख्यावर जातो. ऑइलच्या पाइपाच्या सांध्यात लेप पिळून निघाला तर वाट अडते आणि बेअरिंगला तेल कमी पडते. तेथेही योग्य गॅस्केटच हवे.

तडकलेल्या मॅनिफोल्डवर साध्या रॉडने टाके घालणे हा दुसरा घरगुती उपाय. बिडाचे वेल्डिंग आधी संपूर्ण भाग तापवून, निकेलच्या रॉडने आणि हळूहळू निववून करावे लागते. घाईघाईने घातलेला टाका शेजारी नवा तडा पाडतो, आणि आत राहिलेला वेल्डिंगचा मणी कधी सुटेल याचा नेम नसतो. नवे मॅनिफोल्ड महाग वाटते खरे, पण टर्बोच्या तुलनेत ते स्वस्तच पडते.

सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

सांधे झाले म्हणून लगेच चावी फिरवू नये. टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओतून पंखा बोटाने फिरवावा, मग पाइप जोडावा. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा फिरवावा, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचते. नंतर इंजिन सुरू करून चार-पाच मिनिटे संथ चालू ठेवावे. ॲक्सिलेटर दाबून आवाज ऐकण्याचा मोह आवरावा. पहिल्या मिनिटांत नव्या सांध्यावर सांडलेले तेल जळून थोडा धूर येतो, त्याला घाबरू नये. तो दहा-पंधरा मिनिटांत थांबला पाहिजे.

पहिली खेप भरून आल्यावर गाडी पूर्ण गार होऊ द्यावी आणि सांध्यावर बॅटरी मारून पाहावे. नवी काजळी नसेल तर काम जमले. पुस्तकात सांगितले असेल तर नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत. तापल्या सांध्यावर मनाने पाना चालवू नये. स्टड तेथेच तुटतात.

नव्या गाड्यांविषयी दोन शब्द

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियमाच्याच नव्या गाड्यांची नोंदणी होते. या गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी, युरियाची फवारणी आणि उष्णता-धूर मोजणारे सेन्सर असतात. सेन्सरच्या आधी गळती असेल तर त्यांना चुकीची खबर मिळते, मीटरवर दिवा लागतो, गाळणी साफ होण्याचे चक्र बिघडते आणि काही वेळा गाडी आपणहून ताकद कमी करते. अशा गाडीत टर्बो काढताना सेन्सरच्या वायरी ओढू नयेत, त्यांची जागा खूण करून ठेवावी, आणि काम झाल्यावर संगणकाने तपासणी करून घ्यावी. केवळ दिवा पुसून घेणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. वेल्डिंग करायचेच झाले तर बॅटरी आणि इंजिनाच्या संगणकाची जोडणी सोडल्याशिवाय करू देऊ नये.

मिस्त्रीशी व्यवहार

आपल्याकडचे मिस्त्री हाताचे कुशल आहेत. त्यांच्याकडून वाईट काम होते ते बहुधा मालकाच्या घाईने. ‘संध्याकाळी गाडी फडात पाहिजे’ असे म्हटले की तोंड सपाट करायला मशीन शॉपला कोण जाणार? म्हणून गाडी सोडतानाच सांगावे की गॅस्केट, नट आणि लागतील ते स्टड नवे घाला, तोंड पट्टीने तपासा, आणि जुना माल मला परत द्या. जुने गॅस्केट हाती आले की त्यावर काळी रेघ कोठून गेली आहे ते पाहावे. गळती कोणत्या बाजूने होती ते त्यावर लिहिलेलेच असते. काम कधी झाले, काय बदलले, किती किलोमीटरवर झाले, हे घरातल्या शिकत्या मुला-मुलीकडून एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी ती वही पुष्कळ पैसे वाचवील.

थोडक्यात

काजळी दिसली तर धूर, शिट्टी आली तर हवा, ओले दिसले तर ऑइल. गॅस्केट नेहमी नवे. तोंड सपाट असल्याची खात्री. नट समोरासमोर, टॉर्क पान्याने. आधाराचा कंस शेवटी. लेप नको, साधा बोल्ट नको. सुरू करण्यापूर्वी टर्बोत ऑइल. पहिल्या खेपेनंतर गार गाडीवर तपासणी. आणि केबिनमध्ये धुराचा वास असेपर्यंत त्या गाडीत कुणीही झोपायचे नाही. मग रांग कितीही लांब असो.

हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो, त्यातला एक दिवस या कामाला दिला तर बाकीचे दिवस गाडी आपले काम करते. पुढच्या वेळी रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या यांची निगा पाहू.